थंडी, तुरीच्या शेंगा आणि रात्रीची लाईन

कानात इअरफोन, अंगावर गोधडी आणि हातात चहा असेल तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. चहा नसेल तर ठेवा गॅसवर, मी थांबते.

आज बोलायचंय थंडीतल्या शनिवार-रविवारबद्दल. आणि तोही आमच्या अंजनगाव सुर्जीचा. जिल्हा अमरावती. अकोल्याहून अकोटमार्गे परतवाड्याकडे निघालात की वाटेत लागतं. उत्तरेला बघितलं की सातपुडा, मेळघाटचे डोंगर. उन्हाळ्यात वऱ्हाडाचा पारा टीव्हीवर झळकतो ना, त्यामुळे पुण्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना वाटतं की आमच्याकडे थंडी पडतच नाही. पडते बाबांनो. डिसेंबरात पहाटे नळाखाली हात धरून दाखवा, मग बोलू.

गावाचं नाव तुम्ही शाळेत वाचलेलं आहे. सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, म्हणजे तोच, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तहाच्या आधी १५ दिवस इथून जवळचाच गाविलगड पडला होता. मी एकदा रिकामपणी कॅलेंडर उलटं मोजलं, तर तो दिवस शुक्रवार निघाला! भर थंडीत, वीकेंडच्या तोंडावर तह. त्या छावण्यांमध्ये शेकोट्या कशाच्या पेटवल्या असतील, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. मला मात्र तोच पडतो.

आमच्याकडे शेकोटी पऱ्हाट्यांची. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं कपाशीचं वाळलेलं झाड. तुरीचं असेल तर तुराटी. पऱ्हाटी भडकन पेटते, तुराटी तडतडते. घरामागे मागच्या हंगामाची रास लावलेली असते, तिच्यातून ओढायची.

या वेळी मी शनिवारी सकाळी पोचले. दुपारभर अंगणात ऊन खात बसायचं आणि समोर परातभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. पाणी, मीठ आणि शेंगा, बास. शेंग दातात धरायची, ओढायची, दाणे तोंडात. आई शेजारी बसून हिरवे दाणे सोलत होती, ते रात्रीच्या सोले-वांग्याच्या भाजीसाठी. तुरीच्या ओल्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. ही भाजी मी पुण्यात फ्रोझन मटार घालून करून बघितलीय. त्यावर जास्त बोलत नाही.

सकाळी धुवारी पडली होती. धुवारी म्हणजे धुकं. मी गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढला, स्टोरी टाकली, पटापट हार्ट आले. खाली आबा त्याच धुवारीकडे बघत म्हणाले, "आणखी दोन दिवस अशीच रायली ना, तं तुरीचा फूल गेला समज." उशिराच्या तुरीला अजून फूल होतं आणि धुवारीत ते गळतं. आमच्या भागातल्या पानमळ्यांचंही तसंच. विड्याच्या पानासाठी आणि पानपिंपरीसाठी अंजनगाव जुन्या काळापासून ओळखलं जातं. बारी समाजाच्या लोकांनी हे मळे पिढ्यान्‌पिढ्या जपलेत. पण वेल नाजूक, थंडी फार झाली की पानं काळी पडतात. पिंपरी मात्र थंडीत घरोघरी कामाला येते. खोकला झाला की आई पिंपरीची पूड मधातून चाटवते. चव भयंकर आहे.

आता शनिवारची रात्र. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. काही गावांना आता सौर प्रकल्पांमुळे दिवसा मिळायला लागलीय. आमच्याकडे या आठवड्यात पाळी रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मी कानटोपी घातली तसे आबा म्हणाले, "तू काहून येऊन रायली? झोप ना बापा." मी गेले.

लाईन आली दहाच्या सुमाराला. स्टार्टर दाबला, तुषारचे नोझल फिरायला लागले. काम ऐकायला सोपं आहे. पाइप जोडायचे, पाणी पडू द्यायचं, तीन-एक तासांनी मोटर बंद करून पाइप पुढच्या पट्ट्यात न्यायचे, पुन्हा चालू करायची. करायला असं, की पाइप बर्फासारखे गार, पाय चिखलात, आणि जोड सुटला की गार पाण्याची पिचकारी थेट छातीवर. टॉर्च फिरवत राहायचं, कारण हरभऱ्यात रानडुक्करं येतात. आबांचं वय एकसष्ट. एरवी ते एकटेच जातात.

पण मधले तीन तास... ते तुम्हाला कसे सांगू? धुऱ्यावर पऱ्हाट्यांची शेकोटी, वर डोळे दुखतील इतक्या चांदण्या, नोझलचा टक-टक-टक आवाज. ओल्या शेंगा आम्ही तशाच निखाऱ्यावर टाकल्या. सालं काळी होतात, दाणे आत वाफेवर शिजतात, बोटं भाजतात. आबा शकुंतलेच्या गोष्टी सांगत होते. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी आमची छोटी गाडी, अंजनगाव तिचं स्टेशन. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आबा म्हणतात, पोरं चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायची. खरं किती, त्यांनाच ठाऊक. आता गाडी बंद आहे.

मग ते जरा वेळ गप्प बसले. आणि एकदम म्हणाले, "पुढच्या साली वावर मक्त्यानं देऊन टाकू म्हन्तो. गुडघे आयकत नाई आता."

मी काही बोलले नाही. शेंग सोलत राहिले. हो म्हणावं तर हे वावर त्यांच्या वडिलांनी विहीर खणून ओलिताखाली आणलेलं. नको म्हणावं तर रात्री पाइप मी उचलणार आहे का? मी सोमवारी सकाळी हिंजवडीत असते. तेवढ्यात लाईन गेली. नोझल थांबले, एकदम शांत झालं. "गेली," आबा म्हणाले, आणि हात शेकत बसले. ती पुन्हा आली पावणेदोनला.

रविवारी उशिरा उठलो. काकांनी अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे लावले होते. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यावर तूप. सोबत वांग्याची भाजी. बहिरमच्या यात्रेत हंडीतल्या मटणासोबत लोक रोडगे खातात, पण मला घरचा वांग्याचाच बेत जास्त आवडतो. आबांनी चार रोडगे खाल्ले आणि खाटेवर उन्हात झोपून गेले, तोंडावर टॉवेल टाकून.

संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने मी निघाले. बॅगेत शेंगा, पिंपरीची पूड आणि फडक्यात बांधलेले सहा रोडगे. मक्त्याचं अजून ठरलेलं नाही, पाडव्यापर्यंत ठरवावं लागेल. तोवर रोज रात्री फोन करते. पहिला प्रश्न, लाईन किती वाजताची?

तुमच्याकडे शेकोटीत काय भाजतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. आणि ज्यांच्या घरी आज रात्रीची पाळी आहे, त्यांनी फोन लावा आधी.