संशयाला आधार कोणता?
(महाड-पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



महाडात कायद्याची चर्चा करावयाची, तर तिचा आरंभ चवदार तळ्यापासूनच व्हावयास हवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात सत्याग्रहासाठी दुसरी परिषद भरणार, तोच काही सवर्णांनी दिवाणी दावा गुदरला. तळे खासगी आहे आणि अनादि रूढीने अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तहकूब केला.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी हुकूम उठला; दावा चालूच राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. हे ठरावयास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. सत्याग्रहाचा ठरलेला दिवस मात्र केवळ सकृद्दर्शनी मानलेल्या आधारावर हिरावला गेला होता.

दावा दिवाणी होता. पण फौजदारी कायद्यापुढेही हाच प्रश्न असतो. पुरावा तपासला जाण्यापूर्वी माणसाला अडवावयाचे, तर किती आधार पुरेसा? अमेरिकी राज्यघटनेच्या १७९१ च्या चौथ्या दुरुस्तीने त्यासाठी ‘संभाव्य कारण’ ही अट घातली. भारतीय कायद्याचा शब्द ‘वाजवी संशय’ असा आहे. दोहोंचे मर्म एकच: अधिकाऱ्याच्या मनातील शंका पुरत नाही, त्रयस्थ, समंजस माणसालाही पटेल असे काही तथ्य दाखवावे लागते.

ही अट गळून पडली म्हणजे काय होते, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी आणीबाणीत भोगले आहे. ‘मिसा’खाली सरकारचे ‘समाधान’ झाले की माणूस गजाआड जाई. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले; न्या. हंसराज खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयाने २०१७ साली मान्य केले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नुसता वाजवी संशयही पुरत नाही; अटक आवश्यक का, याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवावी लागतात. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने ती तपासण्याची जबाबदारी दंडाधिकाऱ्यावर टाकली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे.

तेव्हा पोलादपूरच्या वाडीवरील शेतमजूर असो की महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, त्याला पोलीस घेऊन गेले की कार्यकर्त्याने ठाण्यावर आरडाओरड करण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या तथ्यावरून संशय? अटकेची गरज काय? ती कोठे नोंदली आहे? उत्तरे मिळोत वा न मिळोत, वेळेसह टिपून वकिलाच्या हाती द्यावीत. चवदार तळ्याचा दावा बाबासाहेबांनी उच्च न्यायालयापर्यंत पुराव्यानेच लढविला. महाडच्या कार्यकर्त्याला त्याहून जवळचा धडा दुसरा कोणता असणार?