थिजलेलं खोबरेल लिक्विड असतं का?

(या भागाचं शब्दांकन. बोललो ते जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्चुअली' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलेत.)

मागच्या भागात आपण व्हिसाच्या कागदपत्रांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "आई-बाबा पहिल्यांदाच बाहेरच्या देशात येतायत, हँडबॅगेत साबण, शाम्पू, तेल यातलं काय चालतं?" आजचा भाग त्यावर. पण आधी माझी फजिती सांगतो. कारण नियम मला पाठ होता आणि तरीही घोळ माझ्यामुळेच झाला.

दोन वर्षांपूर्वी ताईला मँचेस्टरला बाळ झालं. आईला घेऊन मी निघालो. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तिला व्हॉट्सॲपवर मुद्देसूद यादी पाठवली. त्यात तिसरा मुद्दा: "हँडबॅगेत १०० मिलीच्या वर लिक्विड नको." आईचा अंगठा आला. मी मनात टिक मारली, विषय संपला.

डिसेंबरचा महिना. पहाटेची फ्लाइट. सिक्युरिटीला आईची बॅग पट्ट्यावरून बाजूला काढली गेली. तपासणीवरच्या मुलीने आतून काचेची एक बरणी काढली. पाव लिटरची असेल. आत पांढरं, घट्ट खोबरेल. आईने चिपळूणला घरच्या नारळांचं स्वतः काढलेलं, बाळाच्या मालिशसाठी. चेक-इन बॅग हरवली तर काय, म्हणून जिवाजवळ ठेवलेलं.

ती मुलगी म्हणाली, "काकू, हे नाही नेता येणार. लिक्विड आहे."

आई म्हणाली, "अगं, लिक्विड कुठंय? थिजलंय की! उपडी करून बघ, थेंब पडायचा नाही."

आणि खरं सांगू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. विमानतळावरच्या एसीत ते दगडासारखं झालं होतं. आईचं म्हणणं शाळेच्या विज्ञानाला धरून होतं. चूक होती ती माझ्या यादीत. मी 'लिक्विड' लिहिलं, तिने 'पातळ' वाचलं.

मोठ्या बॅगा कधीच आत गेल्या होत्या. परत जाऊन आणखी एक बॅग चेक-इन करायला वेळ नव्हता. आईने विचारलं, "मग याचं करणार काय?" त्या मुलीने बाजूच्या पिंपाकडे बघितलं. आईने बरणी उघडली, बोटाने तेल काढलं, स्वतःच्या तळहातांना चोळलं आणि उरलेलं माझ्या डोक्यावर थापलं. भर रांगेत. "वाया कशाला घालवायचं," म्हणाली. नंतर गेटपर्यंत ती काही बोलली नाही. मीही नाही.

तर आजचा भाग त्या बरणीसाठी.

हा नियम आला कुठून?

ऑगस्ट २००६. ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघड केला. थंड पेयांच्या बाटल्यांत द्रव स्फोटकं भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायची, असा तो कट होता. सुरुवातीला तर हातातल्या सामानात जवळजवळ सगळ्याच द्रव पदार्थांवर बंदी आली. मग अमेरिकेने सप्टेंबरात आणि युरोपने नोव्हेंबरात आजचा नियम आणला: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिली, सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक, झिपवाल्या पिशवीत, माणशी एकच पिशवी. आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांना हेच आहे.

यामागची अडचण साधी होती. जुन्या एक्स-रे मशीनला बाटलीचा आकार दिसायचा, पण आत पाणी आहे की दुसरं काही हे खात्रीने कळायचं नाही. आत काय आहे ते तपासता येत नाही, मग भांड्याचा आकारच लहान ठेवा. आम्ही फॉर्ममध्ये करतो तसंच हे. युजर काय लिहील ते कळत नाही, पण किती अक्षरं लिहील ते आपण ठरवू शकतो.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं.

नियम बाटलीला लागतो, आतल्या मालाला नाही

१५० ग्रॅमची टूथपेस्ट, अर्धी संपलेली, पिळून पिळून शेपटीला आलेली. तरी ती जाते. बाटलीवर २०० मिली छापलंय आणि आत तळाला ५० मिली आहे? तीही जाते. उलट बाटली पूर्ण रिकामी असेल तर कितीही मोठी चालते. म्हणून पाण्याची बाटली रिकामी करून न्या आणि आत गेल्यावर भरा.

गणिताने १०० मिलीच्या दहा बाटल्या एक लिटरच्या पिशवीत बसायला हव्यात. बसत नाहीत. पिशवी साधारण २० बाय २० सेंटीमीटरची, आणि तिची झिप ताण न येता लागली पाहिजे. माझ्या पिशवीत पाच-सहाच्या वर बाटल्या कधी गेल्या नाहीत.

मग 'लिक्विड' कशाला म्हणायचं?

आईसाठी मी आता 'लिक्विड' हा शब्दच वापरत नाही. चार क्रियापदं सांगतो. जे ओतता येतं, पिळता येतं, फासता येतं किंवा फवारता येतं, ते सगळं त्या पिशवीत. ओततो ते तेल, शाम्पू. पिळतो ती टूथपेस्ट. फासतो ते क्रीम, व्हॅसलीन, आणि हो, थिजलेलं खोबरेलसुद्धा. फवारतो तो डिओ, अत्तराचा स्प्रे.

हीच चाचणी स्वयंपाकघरालाही लावा, कारण आपल्या आया टॉयलेटरीजच्या पिशवीत थांबत नाहीत. तूप, मध, लोणचं, मोरावळा, ओली चटणी. सगळं मोठ्या बॅगेत. आणि तिकडे नेण्याआधी त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम बघा, तो वेगळा विषय आहे.

औषधांना सवलत आहे. प्रवासात लागेल तेवढं पातळ औषध १०० मिलीच्या वरही नेता येतं, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि मागायच्या आधीच काढून दाखवा. लहान बाळाचं दूध आणि खाणं यालाही अशीच सवलत असते.

काय भरायचं?

पहिली गोष्ट, आपली शाम्पूची पुडी. जगभर लोक प्रवासासाठी छोट्या रिकाम्या बाटल्या विकत घेतात, आणि आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. चार पुड्या घ्या, आठवडा निघतो. टूथपेस्टची सगळ्यात छोटी ट्यूब घ्या.

दुसरी, घट्ट वस्तू. अंगाचा साबण, शाम्पूची वडी, डिओची घट्ट कांडी. यांना १०० मिलीचा नियमच नाही. गंमत बघा, माझ्या आजीची न्हाणीघरातली फळी आठवली तर तिथे दंतमंजन, शिकेकाई, उटणं आणि आजोबांची तुरटी. पातळ काय ते एक तेल! आजी सिक्युरिटीतून अर्ध्या मिनिटात बाहेर पडली असती. फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांनी पावडरीचा मोठा डबा हातात ठेवू नये. ३५० मिलीच्या वर पावडर असेल तर २०१८पासून तिथे जास्तीची तपासणी होते.

तिसरी, गळती. वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो. कधी कधी तर आपण कळसूबाईपेक्षाही उंच जागी बसल्यासारखा. बाटलीतली हवा फुगते आणि तेल बाहेर ढकलते. म्हणून झाकण लावताना बाटली थोडी दाबून आतली हवा काढा आणि झाकणाखाली प्लास्टिकचा छोटा तुकडा लावा.

दोन सापळे

एक: आपल्या देशातल्या देशात उडताना पाण्याची बाटली आत नेता येते. आई आधी पुणे-दिल्ली गेली होती, त्यामुळे तिला वाटलं सगळीकडे तसंच. तसं नाही.

दोन: मधे विमान बदलणार असाल तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा तपासणी होते. मुंबईत सिक्युरिटीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटलीही तिथे जाते. ड्यूटी फ्रीचं अत्तर सीलबंद पिशवीत देतात. ते सील घरी पोचेपर्यंत फोडू नका आणि पावती आतच राहू द्या.

आता नवीन थ्री-डी स्कॅनर येतायत. हॉस्पिटलच्या सीटी स्कॅनसारखे, आत काय आहे ते बरंच ओळखणारे. एडिंबराने २०२५ मध्ये मर्यादा थेट दोन लिटर केली. पण एका विमानतळावर सूट असली म्हणून दुसऱ्यावर असेलच असं नाही. २०२४ मध्ये तर युरोपात आणि ब्रिटनमध्ये काही ठिकाणी दिलेली सूट परत काढूनही घेतली होती. म्हणून वाटेतल्या सगळ्यात कडक विमानतळाच्या हिशोबाने भरा.

शेवटचं. तीन महिन्यांनी आईला आणायला मी मँचेस्टरला गेलो. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती. एकेक वस्तू उचलून मला विचारत होती, "हे फासतात, ना? मग आत." ताईने मधेच एक मोठी बाटली पुढे केली, "यात थोडंसंच उरलंय, चालेल." मी 'चालेल' म्हणणारच होतो. आई म्हणाली, "अगं, बाटलीवर काय छापलंय ते बघतात. आत किती आहे ते नाही." मी गप्प.

आणि बाळाच्या मालिशचं तेल? नंतर ताईकडे गेलेल्या भाऊजींच्या मित्राच्या मोठ्या बॅगेतून गेलं. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, जुन्या टॉवेलात गुंडाळून. यादी या वेळी आईने केली होती.

तुमच्या आई-बाबांना हा भाग नक्की पाठवा. आणि नुसती यादी पाठवून थांबू नका. निघायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं फोन करा आणि बॅगेत काय काय आहे ते त्यांच्याच तोंडून ऐका. मी तेवढं केलं असतं तर ती बरणी वाचली असती.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!