विझविणारी तार

पाणी आणि विस्तव यांचे वैर जुने आहे. चुलीतले निखारे विझवावयाचे तर तांब्याभर पाणी पुरते. तरीही मनुष्याने अशी वाहने घडविली, की ज्यांच्या पोटात अग्नी पेटत असतो आणि ज्यांच्या चहूबाजूंनी पाणी उसळत असते. उभ्याने चालविण्याची जेट स्की हे त्यांतलेच एक. तिच्यावर बसावयास जागा नाही. मागच्या उथळ, पन्हळीसारख्या भागात पाय रोवून स्वार उभा राहतो. पुढे बिजागरीवर खालीवर होणारा एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाशी सायकलसारख्या मुठी. एंजिन तळातून पाणी ओढून घेते, मागच्या तोटीतून ते जोराने फेकते आणि त्या धक्क्याने वाहन पुढे धावते.

ही कल्पना अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील क्लेटन जेकबसन या मोटारसायकलच्या शर्यतपटूची. पडावयाचेच तर कठीण जमिनीवर पडण्यापेक्षा पाण्यात पडलेले काय वाईट, असा विचार त्याच्या मनात १९६० नंतरच्या दशकात आला, असे सांगतात. जपानच्या कावासाकी कारखान्याने १९७३ साली उभ्याची जेट स्की बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे वास्तविक त्या कारखान्याचे व्यापारी नाव. पण ते पुढे साऱ्या जातीला चिकटले. १९९० मध्ये यामाहाची ‘सुपरजेट’ आली. तिचे दोन सिलिंडरांचे, दोन धक्क्यांचे एंजिन हलके आणि चपळ होते. २०२१ च्या सुपरजेटमध्ये चार धक्क्यांचे एंजिन बसले आणि जुन्या यंत्रांची माया हौशी लोकांच्या मनात अधिकच दाटली. मात्र माया कितीही असली तरी वेटोळी जळतात, तारा कुजतात, मूळचे भाग दुर्मिळ होतात. अशा वेळी दुसऱ्या कारखान्याने बनविलेली प्रज्वलनाची यंत्रणा जुन्या एंजिनाला जोडावी लागते.

ही यंत्रणा करते तरी काय? एंजिनाच्या आसावर एक जड चाक फिरत असते आणि त्यात चुंबके बसविलेली असतात. चुंबके तारेच्या वेटोळ्याजवळून गेली, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. ती एका कंडेन्सरमध्ये साठविली जाते. तिचा दाब दोनतीनशे व्होल्टांपर्यंत चढतो. दुसरे एक लहान वेटोळे दट्ट्या कोठे आला याची वर्दी देते. वर्दी मिळताच साठलेली वीज एकदम प्रज्वलन-वेटोळ्यात सोडली जाते, तिचा दाब वीस हजार व्होल्टांच्या घरात जातो आणि स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी उडते.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. एंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर फेरे होतात. एका फेऱ्याचे ३६० अंश. म्हणजे आस एक अंश फिरावयास सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश अगोदर ठिणगी पडली पाहिजे. ती फार लवकर पडली तर वर चढणाऱ्या दट्ट्यावरच स्फोटाचा आघात होतो आणि भर वेगात असे होत राहिले, तर दट्ट्याला भोक पडते. नव्या यंत्रणेत फेऱ्यांच्या संख्येप्रमाणे ही वेळ बदलता येते. तिचा खरा लोभ हाच असतो.

जोडणीला बसणाऱ्याने प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी: तारेचा रंग ही केवळ सूचना आहे, पुरावा नव्हे. एका कारखान्याची पांढरी तार जे काम करते, ते दुसऱ्याच्या पांढऱ्या तारेचे असेलच असे नाही. नवीन पेटीबरोबर आलेला नकाशा आणि मूळ यंत्राचा नकाशा शेजारी ठेवून, प्रत्येक तार मोजणीच्या यंत्राने तपासून मगच जोड द्यावा. वर्दी देणाऱ्या वेटोळ्याच्या दोन तारा उलटसुलट झाल्या, तर एंजिन कदाचित सुरूही होईल, पण ठिणगी भलत्याच क्षणी पडेल. म्हणून काम झाल्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात चाकावरची खूण पाहून वेळ पडताळावी लागते. ऋण बाजूची तार रंगावर किंवा गंजावर न टेकता एंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर आवळावी. खाऱ्या पाण्यात तांबे हिरवे पडते. त्यासाठी कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरतात, जोड दाबून बसवितात आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवितात. नुसत्या डाखाने तार ताठ होते आणि एंजिनाच्या थरथरीने डाखाच्या कडेशीच तुटते.

या ठिणगीचे आकाशवाणीशीही नाते आहे. जवळून एखादी मोटारसायकल गेली असता रेडिओत होणारी खरखर पुष्कळांनी ऐकली असेल. प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी प्रक्षेपक असते. बिनतारी संदेशाचा आरंभही ठिणगीपासूनच झाला. हीच खरखर नव्या पेटीतील सूक्ष्म गणकयंत्राला भुलविते. तेव्हा आत रोधक असलेलेच स्पार्क प्लग घालावे आणि वर्दीच्या तारा उच्च दाबाच्या तारांपासून दूर न्याव्या.

परंतु सर्वांत अधिक लक्ष ज्या तारेकडे द्यावयाचे, ती ठिणगी पेटविणारी नव्हे. ती ठिणगी विझविणारी होय. आरंभीच्या यंत्रांत स्वार पडला की मूठ सुटे, एंजिन मंदावे आणि यंत्र हळूहळू गोल फिरत राही. स्वार पोहत जाऊन ते गाठी. पण मुठीची तारच अडकून बसली तर? म्हणून पुढे मनगटाला बांधावयाची दोरी आली. स्वार पडताच दोरीबरोबर खटक्यातील चिमटा निघतो आणि एंजिन बंद पडते.

आता गंमत अशी, की अनेक जुन्या यंत्रांत चिमटा निघाला म्हणजे खटक्यातील टोके एकमेकांना मिळतात आणि ठिणगीची वीज जमिनीकडे वाहून जाते. याचा अर्थ असा, की ही तार तुटली किंवा जोडावयाची राहिली, तर यंत्र मुळीच कुरकुरत नाही. ते पहिल्या झटक्याला सुरू होते, सुरेख धावते. फक्त थांबत नाही. उलट ज्या यंत्रणेत खटका बॅटरीचा प्रवाहच तोडतो, तेथे तार तुटली तर एंजिन बंद पडते. पहिल्या प्रकारातील दोष मुका असतो, दुसऱ्यातील दोष बोलका. जुना खटका एका प्रकारचा आणि नवी पेटी दुसऱ्या प्रकारची असेल, तर ती विसंगती जोडणाऱ्याने आधीच ओळखली पाहिजे.

म्हणून परीक्षेचा क्रम उलटा असावा. यंत्र सुरू होते की नाही, हा प्रश्न दुसरा. थांबते की नाही, हा पहिला. परीक्षेपूर्वी झाकण काढून आतली हवा मोकळी करावी, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते. प्लग काढून एंजिन फिरवून पाहावयाचे असेल, तर प्लगांच्या तारा धातूला टेकवून ठेवाव्या. मोकळी ठिणगी त्या वाफेलाही पुरते आणि पेटीही जाळू शकते. मग काठावरच एंजिन सुरू करावे, आणि पाण्याची नळी जोडलेली नसेल तर काही सेकंदांतच दोरी ओढावी. एंजिन तत्काळ मुके झाले पाहिजे. असे तीन वेळा झाल्यावाचून यंत्र पाण्यात लोटू नये. पाण्यात गेल्यावरही, खोल पाण्याकडे वळण्यापूर्वी, चौथ्यांदा दोरी ओढावी.

नवी ठिणगी जुन्या एंजिनात प्रथम पेटते तेव्हा तो आवाज ऐकून जोडणाऱ्याचे मन भरून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या यंत्रावर उद्या दुसराच कोणी उभा असेल, कदाचित त्याचा मुलगा. लाटेने त्याचा पाय सुटेल आणि तो पाण्यात पडेल. त्या क्षणी त्याच्या आणि भरधाव यंत्राच्या मध्ये कोणी उभे नसते. असते ती एक बारीक तार, आणि काठावर बसून कोणीतरी ती तीनदा ओढून पाहिली होती एवढाच विश्वास.