आकाशाचे फेरे आणि प्रयोगशाळेतील काटा



कोल्हापूरकरांस किरणोत्सव समजावून सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस, आणि पुन्हा ३१ जानेवारीपासून तीन दिवस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत क्रमाक्रमाने चढतात. हे दोन्ही काळ २१ डिसेंबरच्या सुमारे चाळीस दिवस अलीकडे व पलीकडे पडतात, कारण त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. एखाद्या वर्षी किरण मुखापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा सूर्य चुकला असे कोणी म्हणत नाही; ढग, धूळ, वाटेतले एखादे बांधकाम यांचा आपण शोध घेतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात जेव्हा अनपेक्षित फरक दिसतो आणि तो आकाशाच्या तालावर चालल्यासारखा वाटतो, तेव्हा असाच शोध घ्यावा लागतो.

आकाशाचा हात यंत्रापर्यंत पोहोचतो, यात मात्र शंका नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर झळाळी पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी कुलाब्याची चुंबकसूची विलक्षण हेलकावली. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे आवर्तनही अशा नोंदींत उमटते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा १९०४ साली चुंबकीय उपकरणे अलिबागेस न्यावी लागली. वेधशाळेचे प्रमुख मूस यांनी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता आली. ट्रामलाही वेळापत्रक असते, आणि वेळापत्रक हेही एक आवर्तनच!

आता अमेरिकेतील डेटन मिलर यांची हकीकत ऐका. विश्व भरून राहिलेल्या ईथरमधून पृथ्वी जात असेल तर निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात फरक पडावा, ही जुनी कल्पना. १८८७ च्या सुप्रसिद्ध प्रयोगात अपेक्षित फरक सापडला नव्हता. मिलर यांना १९२५-२६ साली माउंट विल्सन पर्वतावर लहानसा फरक आढळला, आणि तो ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे चालतो असा त्यांचा दावा होता. हा युक्तिवाद सामान्य नव्हे. ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चार मिनिटांनी लहान असतो. त्यामुळे ताऱ्यांवर अवलंबून असणारी गोष्ट आज सकाळी घडली तर सहा महिन्यांनी ती सायंकाळी घडेल. दिव्याची उष्णता किंवा माणसांची ये-जा असे चार-चार मिनिटे मागे सरकत नाही.

तरीही आइन्स्टाइन यांना तापमानाचाच संशय होता. मिलर १९४१ साली वारले. १९५५ साली त्यांच्याच संस्थेतील शँकलँड व सहकाऱ्यांनी त्यांच्या वह्या पुन्हा तपासल्या आणि खोलीतील तापमानाच्या असमानतेकडे बोट दाखविले. माझ्या मते खरी अडचण अशी की निरीक्षणे वर्षातून चारच वेळा झाली होती. तेवढ्यांवरून ताऱ्यांचा फेरा आणि ऋतूंचा फेरा वेगळे करणे फार कठीण. मात्र मिलर यांनी प्रत्येक आकडा जपून ठेवला, म्हणूनच त्यांची चूक शोधता आली. हा मोठेपणा थोडाथोडका नव्हे.

जिनीव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या कणवेगवर्धक यंत्रात १९९० नंतरच्या दशकात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. चंद्राच्या ओढीने जमीन फुगून परीघ सुमारे एक मिलिमीटरने बदले आणि कणांची ऊर्जा हले. दुसरा एक फरक दिवसा दिसे व मध्यरात्रीनंतर नाहीसा होई. ती होती विजेची आगगाडी!

सध्याचा वाद इटलीतील ग्रान सासो पर्वताखालील आहे. तेथील डामा नामक प्रयोगात सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांमध्ये उमटणाऱ्या क्षीण प्रकाशचमका जूनच्या आरंभी वाढतात व डिसेंबरच्या आरंभी घटतात. जूनच्या सुमारास पृथ्वीची व सूर्याची गती एका दिशेने मिळते, म्हणून आकाशगंगेतील अदृश्य द्रव्याचा वारा आपणांस जोराने लागतो, असा त्यांचा अर्थ. स्पेन व कोरिया येथील तशाच स्फटिकांत हा फेरा आढळला नाही. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल येथील खाणीत असाच प्रयोग मांडण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. तेथे जूनमध्ये हिवाळा असतो.