रात्र कुणाची, निवड कुणाची?

(ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या महिला गटांसमोर केलेले भाषण)



मी डोंबिवलीची. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. केलं आणि पुढे खगोलशास्त्राकडे वळले. या विषयातही शाखा निवडावी लागते. दुर्बिणीतून ताऱ्यांचा प्रकाश मोजायचा, रेडिओ लहरी टिपायच्या, उपकरणं बांधायची, की गणितानं सिद्धान्त मांडायचे? वर्गातल्या मुलांना विचारलं जाई, "तुला काय आवडतं?" आम्हा मुलींना सल्ला मिळे, "सिद्धान्त घ्या, रात्रीची जागरणं नकोत." घरच्यांना काळजी शेवटच्या लोकलची, स्टेशनपासूनच्या रस्त्याची. ती खोटी नव्हती. पण रस्ता सुधारण्याऐवजी आमची निवडच छाटली जात होती.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणं करता येत नसत. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ही सबब! ओळखीची वाटते ना? व्हेरा रुबिन यांना १९६५ साली परवानगी मिळाली. पुढे दीर्घिकांच्या फिरण्याची त्यांनी केलेली मोजमापं न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा भक्कम पुरावा ठरली.

आता कुणी म्हणेल, रात्र टाळताही येते. खरंय. नारायणगावजवळ खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दिवसाही काम करतात. रेडिओ लहरींना उजेडाची आडकाठी नसते. लडाखमधल्या हान्लेची दुर्बीण तर बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहामार्फत चालवतात. पण म्हणून मुलींनी 'सोयीची' शाखा घ्यावी, हा जुनाच सल्ला झाला. मला ताऱ्यांचं बदलतं तेज मोजायचं होतं. मी रात्रीचीच शाखा घेतली.

निवड करण्याआधी चव तर घेता यायला हवी. बदलापूरच्या पुढे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. आपल्या गटांनी मुलींना, त्यांच्या आयांसह, तिथे न्यावं. खोडद दाखवावं. संस्थांना विचारावं: रात्रपाळीनंतर गाडी आहे का? वसतिगृह, स्वच्छतागृह आहे का? २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती आहे का? एकटी मुलगी हे विचारते तेव्हा ती 'कटकटी' ठरते. दहाजणींनी विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

२०१९ साली भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली, जी. सी. अनुपमा. ताऱ्यांच्या स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या, म्हणजे रात्रीच्याच शास्त्रज्ञ. तेव्हा घरातली मुलगी शाखा निवडत असेल, तर "रात्री कशी जाशील?" याच्या आधी तिला विचारू या, "तुला काय शोधायचंय?" आणि जाण्याचं काय ते आपण सगळ्या मिळून बघू.