पंचांग पाहून समुद्रकांठीं

रत्नागिरीस जाऊन आलेल्या मंडळींना तेथें काय पाहिलें असें विचारलें, तर थिबा राजवाडा, टिळकांचें जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि गणपतिपुळें हीं नांवें ठरलेल्या क्रमानें ऐकूं येतात. समुद्राविषयीं विचारावें, तर ‘समुद्र काय, सगळीकडे सारखाच!’ असें उत्तर मिळतें. या समजुतीमुळें पाहण्यासारखें पुष्कळ पाहावयाचें राहून जातें, आणि कांहीं वेळां ती जिवावरहि बेतते. म्हणून या शहराच्या आसपासचे किनारे कसे पाहावे, आणि मुख्य म्हणजे केव्हां पाहावे, हें आज सांगण्याचा विचार आहे.

प्रवासास निघतांना आपण गाडीचें वेळापत्रक पाहतों; समुद्राचें मात्र पाहत नाहीं. वास्तविक तें आपल्या घरच्या पंचांगांतच असतें. चालू पक्षांतील तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानानें मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेचा व अमावास्येचा आंकडा पंधरा. त्या दिवशीं सव्वाअकराच्या सुमारास भरती व सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास ओहोटी. अष्टमीच्या आसपास पाणी थोडें चढतें व थोडेंच उतरतें, त्यास भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तें पुष्कळ चढतें व तितकेंच मागें हटतें, तें उधाण. अगदीं नेमकी वेळ हवी असेल, तर ती भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकांत सांपडते; परंतु सहलीपुरता हा तोंडी हिशेब पुरेसा आहे.

आतां असें समजा कीं, हिवाळ्यांतील एका पौर्णिमेला आपण रत्नागिरीस आहांत. सकाळीं पाणी चढत असेल. ही वेळ वाळूवर न घालवितां रत्नदुर्गावर जावें. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या या किल्ल्याला तीन बाजूंनीं समुद्राचा वेढा आहे. भगवतीचें दर्शन घेऊन तटावरून पाहिलें असतां उत्तरेस मिरकरवाड्याचें बंदर व त्यापलीकडे ‘पांढरा समुद्र’ दिसतो. दक्षिणेस मांडवीचा ‘काळा समुद्र’ दिसतो. पाणी एकच, फरक वाळूचा आहे. मांडवीच्या वाळूंत इल्मेनाइट नांवाचें, लोखंड व टिटॅनियम यांनीं युक्त असें जड आणि काळें खनिज आहे. काळा कातळ झिजून त्याचे कण किनाऱ्यावर येतात. लाटा हलकी वाळू दूर नेतात, जड कण मागें राहतात. जेथें हे कण कमी, तेथें वाळू उजळ.

पांढऱ्या समुद्राला लागूनच मिऱ्या गांवाचा किनारा आहे. तेथें समुद्र जमीन खात असल्यामुळें दगडी बंधारा घालावा लागला, आणि पावसाळ्यांतील उधाणांत तोहि अनेकदां ढासळला. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळांत एक जहाज भरकटून याच किनाऱ्याला लागलें. आपण जेथें घटकाभर गंमत पाहावयास जातों, तेथें कांहीं कुटुंबें उधाणाच्या तिथी मोजून दिवस काढतात, याची जाणीव पाहुण्यानें ठेवावी.

दुपारीं थिबा राजवाड्याकडे वळावें. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजाला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढच्याच वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. राजवाडा १९१० सालीं पुरा झाला, आणि १९१६ सालीं राजा याच गांवीं वारला. जवळच्या टेकडीवरून काजळी नदीची खाडी व पलीकडचा भाट्याचा किनारा दिसतो.

ऊन्ह उतरलें कीं भाट्याला जावें; तोंवर ओहोटी झालेली असते. सुरूच्या बनाखालून पुढें गेल्यावर लांबच लांब ओली वाळू उघडी पडलेली दिसते. तिच्यावर लाटांनीं काढलेल्या नागमोडी रेघा, खेकड्यांनीं रचलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या, शिंपले, असा मुलांचा पाठ तेथें मांडलेलाच असतो. सूर्य बुडत असतांना मागें पूर्वेकडे पूर्णचंद्र वर येतो. मात्र खाडीच्या मुखाशीं पाण्यांत उतरूं नये; ओहोटीचें पाणी तेथून मोठ्या जोरानें बाहेर धांवतें.

दुसऱ्या दिवशीं आरे-वाऱ्याच्या रस्त्यानें गणपतिपुळ्यास जावें. टेकडीच डाव्या हाताला आल्याप्रमाणें नव्हे, तर उजवीकडे ठेवून तिच्यासकट देवाची प्रदक्षिणा करावी, आणि पुढें मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगांवीं १९९४ सालीं झालेलें स्मारक पाहावें. पुळ्याच्या समुद्रांत स्नान करतांना माणसें बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. लाटांनीं किनाऱ्यावर चढविलेलें पाणी परत जातांना कधीं कधीं एका अरुंद पट्ट्यांतून जोरानें आंत ओढलें जातें. त्या पट्ट्यांत लाटा कमी फुटतात; म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते व तो नेमका तेथेंच उतरतो. अशा ओढींत सांपडल्यास सरळ किनाऱ्याकडे येण्याची धडपड करूं नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावें आणि मग लाटांबरोबर परत यावें. ज्याला पोहतां येत नाहीं, त्यानें गुडघ्याच्या वर पाणी चढूं देऊं नये. स्थानिक माणसानें ‘आज उतरूं नका’ म्हटलें, तर त्याच्याशीं वाद घालूं नये.

तेव्हां निघण्याच्या आदल्या रात्रीं सामानाच्या यादीबरोबर पंचांगहि काढावें, आणि तिथीची पाऊणपट मुलांकडून करवून घ्यावी. किनाऱ्यावर पोहोंचल्यावर आपला आंकडा समुद्राशीं जुळतो कीं नाहीं, हें तीं मोठ्या उत्सुकतेनें पाहतील. आणि पाणी चढत आहे कीं उतरत आहे, हें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.