ओळखीपासून विश्वासापर्यंत : राजकारणाबाहेरचा माणूस आणि मतदार



९ जानेवारी १९८३ रोजी हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर, अफाट जनसमुदायासमोर, नंदमुरी तारक रामाराव यांनी आंध्र प्रदेशाच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ज्या तेलुगु देसम पक्षाच्या नावावर त्यांनी निवडणूक जिंकली होती, त्या पक्षाच्या जन्माला पुरते दहा महिनेही झालेले नव्हते. २९ मार्च १९८२ रोजी पक्षाची घोषणा झाली, ५ जानेवारी १९८३ रोजी मतदान झाले आणि २९४ जागांच्या विधानसभेत या नव्या पक्षाने दोनशेहून अधिक जागा मिळविल्या. १९५६ मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून तेथे काँग्रेसखेरीज अन्य पक्षाचे सरकार कधी आले नव्हते. ते आणले एका चित्रपटनटाने. वयाच्या साठीकडे झुकलेल्या या गृहस्थांनी तोवर कोणतीही निवडणूक लढविली नव्हती.

राजकारणाच्या बाहेरून आलेल्या अशा माणसाला मतदार प्रथम ओळखतो कसा, आणि त्या ओळखीचे रूपांतर पाठिंब्यात होते कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आंध्रच्या बाबतीत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर त्या वेळीच देण्यात आले आणि ते अद्यापही दिले जाते. रामाराव पडद्यावर राम आणि कृष्ण होते. भोळ्या जनतेने देवाला मत दिले, असे ते उत्तर होय. हे उत्तर मतदारावर अन्याय करणारे आहे, आणि वस्तुस्थितीला धरूनही नाही.

त्यातील सत्यांश प्रथम मान्य केला पाहिजे. कृष्णा जिल्ह्यातील निम्मकुरू या खेड्यात १९२३ साली जन्मलेल्या रामारावांचा चेहरा तेलुगु घराघरांत माहीत होता. १९५७ च्या 'मायाबाजार' चित्रपटातील त्यांचा कृष्ण लोकांच्या मनावर असा ठसला, की पुढे कृष्ण म्हटले की तोच चेहरा डोळ्यांपुढे येई. तिरुपतीची यात्रा करून परतणारे भाविक मद्रासला जाऊन त्यांच्या घरासमोर दर्शनासाठी उभे राहत. १९७७ च्या नोव्हेंबरात कृष्णेच्या मुखाशी दिवी सीमा भागात चक्रीवादळाने हाहाकार उडविला, तेव्हा सहकलावंतांसह गावोगाव फिरून त्यांनी मदतनिधी गोळा केला होता. म्हणजे मतदाराला त्यांचा शोध लावावयाचा नव्हता. ओळख तीस वर्षांची होती.

परंतु ओळख म्हणजे मत नव्हे. तमिळ रंगभूमी आणि चित्रपट यांतील थोर अभिनेते शिवाजी गणेशन यांनी आपला स्वतंत्र पक्ष काढून १९८९ ची निवडणूक लढविली. तिरुवैयारू येथे ते स्वतःच पराभूत झाले. त्याहून बोलका दाखला खुद्द आंध्रातला आहे. लोकप्रिय नट चिरंजीवी यांनी २००८ मध्ये प्रजाराज्यम् पक्ष स्थापिला. त्यांच्याही सभांना प्रचंड गर्दी लोटली. तरीही २००९ मध्ये त्याच २९४ जागांपैकी अवघ्या अठरा जागा त्यांच्या पदरात पडल्या. भाषा तीच, प्रांत तोच, चित्रपटांचे वेडही तेच. फळ मात्र वेगळे. तेव्हा चेहऱ्यापलीकडे आणखी काही असले पाहिजे.

ते काय होते हे समजण्यासाठी १९८२ च्या आरंभी आंध्रातील मतदाराच्या मनात काय साचले होते हे पाहावे लागेल. १९७८ मध्ये त्याने काँग्रेसला मोठ्या विश्वासाने निवडून दिले होते. त्यानंतरच्या पाच वर्षांत चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम् वेंकटराम रेड्डी आणि कोट्ल विजयभास्कर रेड्डी असे चार मुख्यमंत्री झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक वा उचलबांगडी मतदाराला विचारून झाली नाही. निर्णय दिल्लीत होत आणि हैदराबादला कळविले जात. १९८२ च्या फेब्रुवारीत बेगमपेट विमानतळावर तरुण खासदार राजीव गांधी यांच्या स्वागतासाठी मुख्यमंत्री अंजय्या कार्यकर्त्यांचा लवाजमा घेऊन गेले. तो गाजावाजा पाहून राजीव गांधींनी त्यांची सर्वांदेखत कानउघाडणी केली. वयोवृद्ध मुख्यमंत्र्याचा हा पाणउतारा वर्तमानपत्रांतून गावोगाव पोहोचला आणि काही दिवसांतच अंजय्यांना पद सोडावे लागले.

अंजय्यांविषयी फारसे प्रेम नसलेल्यांनाही हा प्रसंग झोंबला. कारण त्यात प्रत्येकाला आपली स्वतःची अवहेलना दिसली. ज्याला आपण निवडून देतो त्याची ही गत, तर आपली किंमत ती काय, असा तो प्रश्न होता. या अस्फुट वेदनेला नाव नव्हते. रामारावांनी तिला 'आत्मगौरवम्' हा शब्द दिला. तेलुगु माणसाचा स्वाभिमान दिल्लीच्या दाराशी गहाण पडला आहे, तो सोडवून आणावयाचा आहे, एवढेच त्यांचे सांगणे होते. मतदाराने हा विचार त्यांच्याकडून उसना घेतला नाही. स्वतःच्या मनातील गोष्ट त्याने त्यांच्या तोंडून ऐकली. राजकारणाबाहेरच्या माणसाला पाठिंबा मिळण्याचा खरा आरंभ येथे होतो.

यानंतरची पायरी अधिक कष्टाची होती. पडद्यावरचा देव गाऱ्हाणे ऐकणारा माणूस आहे, ही खात्री पटावयास हवी होती. त्यासाठी एका जुन्या शेव्हरोलेट गाडीत फेरफार करून तिचा प्रचारवाहन म्हणून उपयोग करण्यात आला. तिला 'चैतन्य रथम्' हे नाव मिळाले. रामारावांचे पुत्र हरिकृष्ण ती चालवीत. खाकी कपडे घातलेले रामाराव टपावर उभे राहून बोलत, रस्त्याच्या कडेला स्नान करीत, तेथेच जेवत आणि गाडीतच झोपत. महिनेच्या महिने, हजारो किलोमीटर हा प्रवास चालला. त्यांची वेळ चुकली तरी लोक रात्ररात्र वाटेवर बसून राहत. ज्याला आजवर तिकीट काढून पाहिले तो धुळीने माखून आपल्या वेशीपर्यंत आला आहे, हे दृश्य शेकडो भाषणांहून अधिक परिणामकारक होते. आजवर मंत्र्याला भेटण्यासाठी गावकरी तालुक्याला जात. येथे मते मागणारा स्वतः चालत आला होता.

स्त्रियांना उद्देशून ते 'आडपडुचु' हा शब्द योजीत. मराठीत ज्या जिव्हाळ्याने 'माहेरवाशीण' म्हटले जाते, त्याच जातीचा हा शब्द आहे. सभेत नवऱ्यामागे उभी राहणारी बाई प्रथमच, आपल्यालाही कोणी नात्याने हाक मारीत आहे, असे अनुभवीत होती. पक्षाचे चिन्ह सायकल होते. १९८१ च्या जनगणनेनुसार आंध्रातील साक्षरांचे प्रमाण जेमतेम तीस टक्के होते. अशा समाजात शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या परिचयाचे वाहन मतपत्रिकेवर असणे ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही एक शंका शेवटपर्यंत उरते. माणूस पटला, त्याचे म्हणणे पटले. पण तो निवडून येईल काय? आपले मत वाया तर जाणार नाही? बलाढ्य पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कोणत्याही नवख्या उमेदवाराचा पराभव बहुधा या शंकेतच होतो.

ही शंका कशी फिटते याचे मुंबईतले उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून स. का. पाटील पुन्हा लोकसभेसाठी उभे होते. मुंबईचे माजी महापौर, केंद्रीय मंत्री आणि शहराच्या काँग्रेसचे सर्वेसर्वा असा त्यांचा दबदबा होता. त्यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस हे मंगळूरहून आलेले, टॅक्सीचालक आणि महापालिका कामगार यांच्या संघटना बांधणारे तरुण समाजवादी पुढारी होते. त्यांच्या प्रचाराचा रोख मोठा मार्मिक होता. पाटलांचा पराभव होऊ शकतो आणि तो करणे मतदाराच्या हाती आहे, हेच भिंतीभिंतींवरून सांगण्यात आले. उमेदवाराच्या गुणवर्णनापेक्षा मतदाराला त्याच्या बळाची आठवण करून देण्यावर भर होता. निकाल लागला तेव्हा पाटील पराभूत झाले होते.

आंध्रात हेच काम त्या गर्दीने केले. रथाभोवती लोटलेला जनसमुदाय पाहून प्रत्येकाला कळले, की हे आपल्या एकट्याच्याच मनात नाही. १९७४ मध्ये विशाखापट्टणम येथे सुरू झालेले 'ईनाडू' हे दैनिक तोवर चांगलेच फोफावले होते. रामारावांच्या दौऱ्याच्या बातम्या त्याने ठळकपणे छापल्या, आणि श्रीकाकुळमच्या वाचकाला चित्तूरची गर्दी दिसू लागली. शेजारी काय करणार हे कळले, की मतदाराचा हात मतपत्रिकेवर थरथरत नाही.

हा पाठिंबा चेहऱ्याला होता की कारणाला, याची कसोटी पुढील काळाने दोनदा घेतली. १९८४ च्या ऑगस्टात, रामाराव अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया करून परतले असता, राज्यपाल रामलाल यांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले आणि पक्षातून फुटलेले नादेंडल भास्करराव यांना मुख्यमंत्री केले. त्याबरोबर सारे राज्य खवळून उठले. महिनाभरात, १६ सप्टेंबर रोजी, रामारावांना पुन्हा पदावर बसवावे लागले. लोकांनी आपले मत परत मिळविले होते.

दुसरा प्रसंग १९९५ च्या ऑगस्टातला. आदल्याच वर्षी लोकांनी रामारावांना पुन्हा प्रचंड बहुमत दिले होते. या वेळी जावई चंद्राबाबू नायडू यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य आमदार हैदराबादच्या एका हॉटेलात एकत्र आले आणि रामारावांचे पद गेले. चेहरा तोच होता. परंतु १९८४ चा उठाव या वेळी झाला नाही. पहिल्या वेळी दिल्लीने आंध्राचा अपमान केला, अशी भावना होती; दुसऱ्या वेळी एका घरातील व एका पक्षातील भांडण लोकांनी पाहिले. १८ जानेवारी १९९६ रोजी रामाराव निवर्तले, तेव्हा अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीत प्रेमाची उणीव नव्हती. प्रेम आणि पाठिंबा या भिन्न गोष्टी आहेत, हे मतदार पुरते जाणून होता.

दरम्यान १९८९ मध्ये त्याने हे एकदा स्पष्टपणे दाखविलेही होते. त्या वर्षाच्या आरंभी रामारावांनी आपले संपूर्ण मंत्रिमंडळ एका फटक्यात काढून टाकले. दिल्ली मुख्यमंत्री बदलते म्हणून ज्यांच्याकडे लोक वळले, तेच आता मंत्र्यांना त्याच रीतीने वागवीत होते. वर्षअखेरीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला आणि कलवकुर्ती येथे खुद्द रामारावांचा पराभव झाला.

म्हणून बाहेरून आलेल्या नेत्याकडे वळणारा मतदार भुलतो, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. तो एका विशिष्ट कामासाठी माणूस निवडतो. त्याचा धोकाही याच ठिकाणी आहे. पक्षाची जुनी बांधणी, कार्यकर्त्यांचा धाक, सभागृहाची शिस्त यांपैकी काहीच अशा नेत्याच्या मागे नसते. त्यामुळे त्याला आवरणारा एकटा मतदारच उरतो, आणि त्याची पाळी पाच वर्षांनी एकदा येते. मधल्या काळात टिकून राहते ते कायद्यात उतरलेले काम. ज्या आडपडुचूंना रथावरून हाक मारली गेली, त्यांना वडिलांच्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती आंध्रात १९८५ पासून लागू झाली. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती १९९४ मध्ये झाली. रथ केव्हाच थांबला. तो वाटा मात्र त्या लेकींच्या नावे राहिला.